हाली रुपया आणि जोंधळ्याचे पेव

मराठवाड्यात लक्ष्मीपूजनाच्या ताटात काही घरी अजून एक जुना रुपया निघतो. त्यावर कोणा राजाची छबी नसते, चारमिनार असतो. वर्षानुवर्षे हळदकुंकू लागून त्यावरची अक्षरे बुजलेली असतात. घरातली पोरे दरवर्षी विचारतात, "आजी, याचे आता काय मिळते?" बाजारात म्हणाल तर काहीच नाही. 1959 पासून तो चलनातून बाद झाला आहे. पण एके काळी पूर्णेच्या बाजारात याच रुपयाला 'हाली' म्हणत आणि घरोघरच्या बायकांची सारी काटकसर त्याच्या हिशेबाने चाले.

पूर्णा हे निजामाच्या मुलखातले जंक्शनचे गाव. हैदराबादहून मनमाडला जाणारी मीटरगेज गाडी 1900 च्या सुमारास या बाजूने धावू लागली. पुढे हिंगोलीचा फाटा निघाला. या लोहमार्गाची एक गंमत होती. पूर्णेला गाडीत बसावे ते हाली मुलखात आणि मनमाडला उतरावे ते इंग्रजी अमलात. तिकडचा रुपया 'कलदार'. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा भाव घरातल्या पोराटोरांनाही पाठ असे. नाशिकच्या यात्रेसाठी कुणी 70 हाली गाठीला बांधले, तर सरहद्दीपलीकडे त्यांचे 60 होत. पैसा तेवढाच, पण हातात दहा नाणी कमी! घरच्या बाईला हे पटवून देणे सोपे नव्हते.

हा भाव काही उगाच ठरलेला नव्हता. जुन्या हाली रुपयात हजारी 818 भाग चांदी होती. कलदार वजनाने थोडा जड आणि त्यात 916 भाग. दोहोंतली निव्वळ चांदी तोलून पाहिली तर प्रमाण जवळजवळ सहास सातच येते. पुढे 1940 मध्ये कलदारातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये तर तो नुसता निकेलचा झाला. मग शहाणी बाई काय करी? नवे नाणे दुकानदाराला देई आणि जुने, खणखणीत वाजणारे, डब्याच्या तळाशी ठेवी. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला ग्रेशॅमचा नियम म्हणतात. आमच्या आज्यांनी ते पुस्तक पाहिलेही नव्हते.

तरी पैशावर त्यांचा खरा भरवसा नव्हताच. भरवसा होता जोंधळ्यावर. सुतार, लोहार, कुंभार यांचे बलुते धान्यातच चुकते होई. जोंधळा हालीतही जोंधळाच आणि कलदारातही जोंधळाच. म्हणून खरी शिल्लक पेवात असे. गावाच्या पांढरीत उंचवट्यावर पेव खणायचे, आत जाळ करून भिंती वाळवायच्या, कडबा आणि भुसा लावायचा, मग धान्य भरून तोंडावर शिळा ठेवून मातीने लिंपून टाकायचे. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. भिंतीलगतच्या धान्याला एक उग्र वास लागे. तो भाग गडीमाणसांच्या वाट्याला जाई, हेही सांगितले पाहिजे. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडायचा. तो विझला तर थांबायचे. घाई केलेली माणसे आत गुदमरून दगावलेली आहेत.

ज्यांचे पेव नव्हते, त्यांची शिल्लक कणगीत किंवा नुसत्या मडक्यात. तिथली काटकसर आणखी बारीक. दळणाला धान्य काढताना त्यातली एक मूठ परत टाकायची. भाजी मिळेनाशी झाली की येसराची आमटी, शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुटका. चुलीला तुराट्या-पऱ्हाट्या, भांड्यांना त्याच चुलीची राख. विरलेल्या लुगड्यांची वाकळ आणि वाकळ फाटली की तिचे पोतेरे. वस्तू अशी तीन-चार जन्म घेऊनच घराबाहेर पडे.

1948 च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. 1950 पासून भारतीय रुपया हालीच्या सोबतीने चालू झाला, 1951 मध्ये हाली काढणे थांबले. लोक अजून सातास सहा करीत होते, तोच 1957 च्या 1 एप्रिलला नवे पैसे आले. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोहोंचे बारा, पण तीन आण्यांचे मात्र एकोणीस! आण्याआण्याची खरेदी तीनदा वेगळी केली तर अठराच पडतात, हे कोष्टक वाचता न येणाऱ्या बायकांनी बरोबर हेरले. एका नव्या पैशासाठी दुकानाच्या तीन खेपा. हसू येते खरे, पण त्या पैशाला किंमत होती म्हणूनच ना त्या खेपा?

या काटकसरीचे कौतुक करताना मात्र मला नेहमी एक गोष्ट खटकते. घरात सर्वांत शेवटी कोण जेवे? दुरडीत उरलेली भाकरी कुणाच्या ताटात पडे? घराची बचत पुष्कळदा घरच्या बाईच्या पोटातूनच झालेली आहे आणि तिचा जमाखर्च कोणत्याही वहीत सापडत नाही. 1972 च्या दुष्काळात पेवे, कणग्या, मडकी सगळीच खडखडीत झाली. मराठवाड्यातल्या बायका खडी फोडायला गेल्या, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन जगल्या. त्या वर्षी परत टाकायला मूठच नव्हती.

1992 मध्ये नाबार्डने बचतगट बँकांशी जोडण्याचे काम हाती घेतले आणि पुढे गावोगाव बायकांचे गट उभे राहिले. महिन्याला ठरलेले थोडे पैसे, एक वही, बँकेत खाते. पुरुषाच्या नजरेपासून डब्याच्या तळाशी दडवलेला पैसा चारचौघींत मोजला जाऊ लागला. ज्या हैदराबाद बँकेची स्थापना निजामाच्या काळात, 1941 च्या कायद्याने झाली होती आणि जिच्याकडे हालीचा कारभार होता, तीही 2017 मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली.

ताटातला हाली रुपया मात्र पूजा झाली की पुसून पुन्हा फडक्यात बांधला जातो. गाठ घरातली म्हातारीच मारते. सुनेला अजून ती मारू देत नाही.