ग्लस्टरमधून वगळलेला थर

ग्लस्टर ही मुक्त प्रणाली अनेक साध्या सर्व्हरांच्या डिस्क जोडून एकच मोठी साठवण उभी करते. तिच्यावरचे बरेचसे काम बंगळुरूत झाले. 2011 मध्ये ती बनवणारी मूळ कंपनी रेड हॅटने विकत घेतली. 2015 च्या 3.7 आवृत्तीत 'टियरिंग', म्हणजे साठवणीचे थर, आले: वारंवार लागणाऱ्या फाइली वेगवान एसएसडीवर, बाकीच्या हार्ड डिस्कवर. कल्पना आकर्षक, व्यवहार महाग. कोणती फाइल कधी वापरली याच्या नोंदींसाठी स्वतंत्र डेटाबेस सांभाळावा लागे आणि फाइलींची ने-आण मूळ कामाच्याच आड येई. वापर मर्यादितच राहिला. 2019 च्या सहाव्या आवृत्तीतून हा भाग काढला गेला. सोबत 'स्ट्राइप'ही गेले. मोठ्या फाइलीचे तुकडे करून ठेवण्याचे त्याचे काम तोवर 'शार्डिंग' अधिक नीट करू लागले होते.