मोर्चा एका दिवसाचा, तारीख वर्षानुवर्षांची

सामाजिक कामाच्या निमित्ताने मी अनेकदा कोर्टाच्या व्हरांड्यात बसले आहे. तिथे भेटलेल्या एका तरुणाची गोष्ट आधी सांगते. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या माणसांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. त्याच्या निषेधात ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला आणि हा मुलगा रस्त्यावर उतरला. वय एकोणीस, आयटीआयचा विद्यार्थी. दोन दिवसांनी रात्री पोलिसांनी त्याला घरातून उचलले. जामीन व्हायला चौदा दिवस लागले. तेव्हापासून तो दर तारखेला मजुरी बुडवून येतो, हजेरी लावतो आणि पुढची तारीख घेऊन परत जातो. पोलीस भरतीचा फॉर्म त्याने दोनदा भरायला घेतला. ‘आपल्यावर गुन्हा प्रलंबित आहे काय?’ या प्रश्नापाशी दोन्ही वेळा थांबला.

कोणत्याही कोर्टाने त्याला दोषी ठरवलेले नाही. मग त्याला शिक्षा झालीच नाही, असे म्हणायचे काय?

माझे म्हणणे असे की, आंदोलकाला खरी शिक्षा निकालाने होत नाही, खटल्यानेच होते. आणि ही शिक्षा पूर्वी चळवळ वाटून घेत होती. आज ती एकेका घरावर पडते आणि आपण मात्र पुढच्या मोर्चाच्या तयारीला लागतो.

इतिहास पाहू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसऱ्यांदा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा सवर्णांनी चवदार तळे खाजगी असल्याचा दावा करून दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. त्या दाव्यात बाबासाहेबांबरोबर साध्या कार्यकर्त्यांचीही नावे प्रतिवादी म्हणून होती. खटला खालच्या कोर्टापासून मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने निकाल लागला. पाण्याच्या ओंजळीसाठी जवळपास दहा वर्षे! तो खटला फौजदारी नव्हता, तरी त्यातला धडा महत्त्वाचा आहे. नेता आणि कार्यकर्ता एकाच दाव्यात एकत्र उभे होते. कोणी एकटा पडला नाही.

दुसरे उदाहरण कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, रिपब्लिकन पक्षाने तो देशभर सुरू केला. तीन लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला अटक करवून घेतली. बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. तेव्हा अटक हा संपूर्ण वस्तीचा निर्णय होता. आत गेलेल्याच्या घरची चूल बाहेरचे पाहत होते आणि सुटून आलेल्याचा सत्कार होत होता. सरकारलाही या तुरुंगवासाचा अर्थ राजकीयच लावावा लागला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची दखल घ्यावी लागली.

पुढे चित्र बदलले. आंदोलकाकडे सत्याग्रही म्हणून पाहण्याऐवजी दंगलखोर म्हणून पाहिले जाऊ लागले. २००६ मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडाविरुद्ध लोक उत्स्फूर्तपणे रस्त्यावर आले, तेव्हा यामागे नक्षलवादी आहेत असे थेट सरकारकडून बोलले गेले. कायद्याची हत्यारे तर तयारच होती. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेची १४३, १४७, १४९, ३५३ ही कलमे आपल्या वस्त्यांतल्या पोरांना पाठ आहेत. त्यात १४९ सर्वांत सोयीचे. जमाव बेकायदेशीर ठरला की त्यातल्या एकाने समान उद्देशासाठी केलेल्या कृत्याला सगळेच जबाबदार. दगड कोणी मारला, हे शोधण्याचे कष्ट उरतच नाहीत.

त्यानंतर येतो जामीन. कोर्टात जामीनदार उभा करायचा तर सातबारा लागतो, घरपट्टीची पावती लागते, ऐपतीचा दाखला लागतो. ज्यांच्या सात पिढ्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांनी सातबारा कुठून आणायचा? १९६४ ला आपण जमीन मागितली. ती पुरती मिळाली नाही, म्हणून आज आपल्या पोराला जामीनदार मिळत नाही. गावातल्या ज्याच्याकडे सातबारा असतो, त्याच्याच दारात आईला पदर पसरावा लागतो. जात अशीही काम करते.

सुटून आल्यावरही सुटका नाही. वकिलाची फी, एसटीचे भाडे, बुडालेला रोज. चुकून एक तारीख हुकली की वॉरंट. सरकारी नोकरीला चारित्र्य पडताळणी आडवी येते, पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते. लग्नाच्या बैठकीत कोणीतरी हळूच विचारते, ‘पोरावर केस आहे म्हणे?’

‘सरकारने गुन्हे मागे घेतले ना!’ असे काही जण म्हणतात. तत्कालीन गृहमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये विधिमंडळात सांगितलेले आकडे असे होते: कोरेगाव भीमा प्रकरणी दाखल ६४९ गुन्ह्यांपैकी ३४८ मागे घेतले. म्हणजे तीनशे गुन्हे तेव्हाही उभेच होते आणि एकेका गुन्ह्यात अनेक आरोपी असतात. शिवाय सरकारने घोषणा केली की गुन्हा संपत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ नुसार सरकारी वकिलाने अर्ज करावा लागत असे आणि कोर्टाने संमती द्यावी लागत असे. टीव्हीवरची घोषणा आणि कोर्टातला आदेश यांच्या मध्ये आमची पोरे अडकून पडतात.

शाहीर आणि लेखकांच्या बाबतीत तर यूएपीए आला. कबीर कला मंचाच्या शीतल साठे एप्रिल २०१३ मध्ये विधानभवनाबाहेर स्वतःहून अटक झाल्या, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांच्याबरोबर अटक झालेल्या सचिन माळींना जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडला. ‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे जानेवारी २०११ मध्ये अटक झाले आणि चाळीस महिन्यांनी निर्दोष सुटले. ते चाळीस महिने त्यांना कोणी परत दिले? उलट एल्गार परिषदेच्या प्रकरणात जून २०१८ मध्ये ते पुन्हा आत गेले आणि जानेवारी २०२५ ला जामिनावर बाहेर आले. साडेसहा वर्षांत खटला नीट सुरूही झाला नव्हता. त्याच प्रकरणातले चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी तर जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ ला कोठडीतच वारले.

एक आक्षेप नेहमी येतो: कोणी दगड मारला, गाडी फोडली, तर गुन्हा होणारच. मान्य. बाबासाहेबांनी आपल्याला संविधानाचा मार्ग दिला आहे आणि तोडफोडीचे समर्थन मी करत नाही. ज्याने केले त्याच्यावर पुराव्यानिशी खटला चालवा, लवकर निकाल लावा. पण निकालच न लावता माणसाला दहा-दहा वर्षे टांगून ठेवणे, ही कोणत्या संविधानातली शिक्षा आहे?

सरकारला हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण आरशातही पाहावे लागेल. आपण शहिदांची नावे विहाराच्या भिंतीवर लिहितो, ते योग्यच आहे. पण आपल्या तालुक्यात आंदोलनाच्या केसमध्ये किती जण तारखा करत आहेत, याची यादी किती संघटनांकडे आहे? बंदची हाक देणारे नेते निवडणुकीच्या अर्जात आपल्या केसेस मिरवतात. त्यांच्या हाकेला ओ देणारा मजूर मात्र तीच केस लपवत फिरतो.

म्हणून जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा कोर्टासाठी बाजूला काढूया. प्रत्येक विहारात आरोपींची आणि त्यांच्या तारखांची वही ठेवूया. ज्यांच्याकडे घर, जमीन, पगार आहे, अशा आपल्या नोकरदार बांधवांनी जामीनदार म्हणून उभे राहावे. आणि तारखेच्या दिवशी त्या पोरासोबत कोणीतरी जावे, एवढे तरी करूया.

तो तरुण मला एकदा म्हणाला, “ताई, मोर्चात पाच हजार होतो. कोर्टात मी आणि आई.”

जय भीम.