सव्वा रुपयाचा गूळ : हैदराबादच्या वाटेवरील एक सूडकथा

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही फिलिप मेडोज टेलर यांची इंग्रजी कादंबरी १८३९ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली. लिव्हरपूल येथे १८०८ साली जन्मलेले टेलर कोवळ्या वयात मुंबईस आले आणि लवकरच निजामाच्या सैन्यात दाखल झाले. हैदराबाद, बोलारम, तुळजापूर, नळदुर्ग व सुरपूर हा त्यांचा कार्यप्रदेश. दख्खनच्या वाटा त्यांनी घोड्यावरून पाहिल्या होत्या, हे कादंबरीच्या पानापानांतून जाणवते.

अमीर अली नावाचा कैदी एका गोऱ्या अधिकाऱ्यास आपली जीवनकथा सांगतो, अशी कादंबरीची मांडणी आहे. ठगांची टोळी व्यापाऱ्यांच्या वेषात हैदराबादेकडे निघते. वाटेत उमरखेड लागते, पुढे शहरातील मोहरमचे दर्शन घडते. परंतु कथेचा खरा थरार मुक्कामावर आहे. चुली पेटतात, भाकरी थापल्या जातात, गप्पा व गाणी रंगतात. एकट्यादुकट्या प्रवाशाला सोबत हवी असते आणि ठग ती मोठ्या अगत्याने देतात. मग नायक सहज तंबाखू मागवतो. तोच इशारा. रुमाल गळ्याभोवती पडतो. खड्डा तर आधीच खणून ठेवलेला असतो.

ठगांच्या विधींत गुळाला मोठे स्थान होते. हत्येनंतर ‘तुपोनी’ हा विधी होई. कर्नल स्लीमन यांच्या नोंदींनुसार त्यासाठी सव्वा रुपयाचा गूळ आणीत. तो एकदा चाखला की माणूस कायमचा ठग होतो, अशी त्यांची श्रद्धा. खाल्ल्या मिठाला जागण्याची आपली रीत येथे उलटी फिरते: प्रवासी ज्यांच्या सोबतीने निश्चिंत जेवतो तेच त्याचा घात करतात, आणि खाल्ल्या गुळाला मात्र जन्मभर जागतात.

सूडाचा धागा बालपणापासून चालत येतो. अमीर अलीच्या आईवडिलांना ठगांनीच मारले. त्या टोळीतील इस्माइलने त्याला मुलगा म्हणून वाढवले, तर गणेशा जमादार हा आईचा मारेकरी. पुढे अमीर अलीच्या हातून नकळत सख्ख्या बहिणीचीही हत्या होते. अखेर तो माफीचा साक्षीदार बनतो आणि गणेशाला फासावर पोहोचवतो. ही सरकारची सेवा की जुना हिशेब, हे टेलर उघड सांगत नाहीत. कादंबरीचे बळ त्या संदिग्धतेतच आहे. गोडबोल्या अमीर अलीच्या वाणीने वाचकही प्रवाशासारखाच बेसावध होतो.

टेलर यांच्या म्हणण्यानुसार खराखुरा अमीर अली त्यांना १८३२ साली भेटला आणि त्याने ७१९ हत्यांची कबुली दिली. मात्र हा आकडा जपूनच वाचावा लागतो. जीव वाचवण्यासाठी दिलेली जबानी आणि ती नोंदवणाऱ्या राजवटीची गरज या दोहोंची छाया ठगीच्या साऱ्या साहित्यावर आहे. रस्त्यांवरील खून खरे होते. पण देशभर पसरलेला एकसंध धर्मपंथ हे चित्र अनेक आधुनिक इतिहासकारांना मान्य नाही. कादंबरीने मात्र ते चित्र घट्ट रुजवले. जॉन मास्टर्स यांच्या १९५२ सालच्या ‘द डिसीव्हर्स’ या कादंबरीतील इंग्रज नायकही, ठगाचे सोंग घेऊन हिंडता हिंडता, तोच गूळ चाखतो. तिच्यावर निघालेल्या चित्रपटात (१९८८) पिअर्स ब्रॉस्नन यांच्याबरोबर शशी कपूर होते.