विंचवाचा उतारा आणि वैद्यकातील पुरावा

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागात, पैनगंगेवरील सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळ इस्लापूर हे गाव आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तोपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे हे एक मंडळ होते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. इस्लापुरासारख्या गावी कोणाला विंचू चावला की घरातील माणसांपुढे पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न उभा राहात आला आहे. उतारा कोणाकडून घ्यावा? मांत्रिकाकडून, अघाड्याचे मूळ उगाळून देणाऱ्या जाणत्याकडून, की दवाखान्यातील डॉक्टरांकडून? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे खरे उत्तर मिळावयास विसावे शतक संपत यावे लागले. ते कसे मिळाले हे पाहू गेल्यास वैद्यकात पुरावा कशास म्हणावे, याचाही उलगडा होतो.

प्रथम एक जुने प्रकरण ध्यानात घेणे इष्ट आहे, कारण ते याच हैदराबाद संस्थानात घडले. १८४७ साली एडिंबरो येथील डॉ. सिंप्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला आणि शस्त्रक्रियेतील वेदनांपासून मनुष्याची सुटका झाली. परंतु पुढच्याच वर्षी इंग्लंडात एक पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्याच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. तेव्हापासून वाद पेटला. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास बंद पडून की हृदय बंद पडून? प्रश्न पंडिती नव्हता. भूल देणाऱ्याने रुग्णाच्या श्वासाकडे लक्ष ठेवावे की नाडीकडे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या साइम यांचे शिष्य. श्वास सांभाळला म्हणजे हृदयाला धोका नाही, ही गुरूंची शिकवण त्यांना पूर्णपणे मान्य होती. निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ साली त्यांनी एक मंडळ नेमून प्राण्यांवर प्रयोग केले व निर्णय आपल्या बाजूने दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्राने शंका घेतली, तेव्हा निजाम सरकारने त्या पत्राच्या प्रतिनिधीच्या प्रवासासाठी एक हजार पौंड देऊ केले. १८८९ साली डॉ. लॉडर ब्रंटन हैदराबादेत आले. शेकडो प्राण्यांवर पुन्हा प्रयोग झाले आणि दुसऱ्या मंडळानेही पहिल्याचाच निर्णय उचलून धरला. निर्णय चुकीचा होता. १९११ साली लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्मच्या अमलात असलेल्या प्राण्याच्या रक्तात अॅड्रिनॅलिन उसळले तर हृदयाचे ठोके एकाएकी विसकटतात व ते थांबते.

धन, राजाश्रय, विद्वान मनुष्य आणि शेकडो प्रयोग एवढी सामग्री असता उत्तर चुकावे हे विलक्षण वाटते. परंतु त्याचे कारण उघड आहे. प्रयोगांची संख्या मोठी होती, पण ज्या परिस्थितीत माणसे मरत होती ती परिस्थिती त्या प्रयोगांत आलीच नव्हती. घाबरलेला रुग्ण, अर्धवट भूल, आणि त्याच क्षणी चाललेली सुरी, ही गोष्ट प्रयोगशाळेतील कुत्र्याच्या बाबतीत घडत नव्हती. शिवाय उत्तर आधी ठरलेले होते आणि प्रयोग मागाहून झाले. पुरावा ढिगाने मोजावयाचा नसतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आता विंचवाकडे वळावे. विंचवाची वेदना महाराष्ट्राला किती परिचित आहे, हे पैठणच्या एकनाथांनी तिच्यावर भारूड रचले यावरून दिसते. दख्खनच्या व कोकणच्या खेड्यांत दगडाखाली, गवताच्या भाऱ्यात, भिंतीच्या फटीत, पायताणात विंचू दडून असतो. त्यांपैकी लाल विंचू सर्वांत घातक. मात्र त्याचा दंश झालेल्यांपैकीही पुष्कळांना केवळ भयंकर वेदना होतात आणि एका दिवसात त्या आपोआप शमतात. मांत्रिकाची कीर्ती येथेच जन्मास येते. ज्याला मुळात बरे व्हावयाचेच होते तो मंत्राने बरा झाला असे ठरते. जो दगावला त्याचे आयुष्यच सरले होते असे म्हटले जाते. उतारा न घेतलेल्यांचे काय झाले याची कोणी मोजदाद करीत नाही, आणि म्हणून मंत्र कधीच खोटा ठरत नाही.

डॉक्टरांची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अॅट्रोपिन, स्टिरॉइड, गुंगीच्या औषधांची मिश्रणे असे नाना उपाय विंचूदंशावर केले जात. त्यांतील अॅट्रोपिन तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक मारणारे.

ही कोंडी फोडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. नागपुरास वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेथे विंचूदंशाचे रुग्ण वारंवार येत. काही जण, विशेषतः मुले, दंशानंतर काही तासांतच धाप लागून, तोंडाला गुलाबी फेस येऊन डोळ्यांदेखत जात. डॉ. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातापायांचा गारठा यांची वेळोवेळी नोंद ठेवली. त्या नोंदींतून मृत्यूचा मार्ग दिसू लागला. आधी उलटी व दरदरून घाम, मग हातपाय थंड आणि रक्तदाब चढलेला, त्यानंतर हृदय थकते व फुप्फुसांत पाणी भरते. मारक गोष्ट दंशाची वेदना नव्हती. विषामुळे मज्जातंतू अनावर होऊन शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा जो पूर येतो, तो मारक होता. लेव्हीने क्लोरोफॉर्मच्या प्रकरणात पकडलेला अपराधी येथेही तोच निघावा हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ही पूर्वचिन्हे डॉ. बावस्करांनी १९८२ साली प्रसिद्ध केली, आणि तीही ‘लॅन्सेट’मध्येच.

रोगाची वाट कळली की औषध शोधण्यास दिशा मिळते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरील भार उतरविणारे प्राझोसिन हे औषध उच्च रक्तदाबासाठी उपलब्ध होते. ते स्वस्त, आणि गोळीच्या रूपाने तोंडावाटे देता येणारे. यंत्रसामग्री नसलेल्या खेड्यातील दवाखान्यास परवडणारे. डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी त्याचा अनुभव १९८६ साली ‘लॅन्सेट’मधून मांडला. प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. पुढे ते प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले, अशी त्यांची नोंद आहे.

तथापि चिकित्सक मनुष्य येथेही शंका घेईल. पूर्वीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांची तुलना कितपत खरी? रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, याचाही तो परिणाम नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय एकच. एकाच काळातील, एकसारखे आजारी रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटावे व दोहोंची तुलना करावी. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून विंचवाच्या विषावरील लस तयार होऊ लागली, तेव्हा तिची परीक्षा महाडास याच रीतीने झाली. ७० रुग्णांपैकी ३५ जणांना नुसते प्राझोसिन व ३५ जणांना प्राझोसिनसह लस दिली. प्राझोसिन कोणासच नाकारले नाही, कारण परीक्षेसाठी रुग्णाचा जीव धोक्यात घालणे हा अधर्म होय. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्या गटात ३२ निघाले. हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली डॉ. बावस्करांस पद्मश्री मिळाली.

गृहस्थाश्रमी वाचकास यातून व्यवहारातही घेण्यासारखे आहे. वेदना किती आहे यावरून धोका ठरत नाही. उलटी, घाम, थंड हातपाय आणि धाप ही धोक्याची चिन्हे होत. दंशाची जागा कापू नये, घट्ट बांधू नये, उतारा घेण्यात घटका दवडू नयेत. रुग्णास, आणि मुलास तर विशेष त्वरेने, जवळच्या दवाखान्यात न्यावे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे, कारण प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो व रुग्णास निजवून ठेवावे लागते.

हैदराबादच्या मंडळाजवळ संस्थानचा खजिना होता. बिरवाडीच्या दवाखान्यात रक्तदाब मोजण्याचे यंत्र, घड्याळ आणि नोंदवही होती. पहिल्या ठिकाणी उत्तर सिद्ध करावयाचे होते, दुसऱ्या ठिकाणी ते शोधावयाचे होते. सर्दी, खोकला, ताप, मुलांची हगवण अशा घरोघरच्या दुखण्यांवर जे जे उपाय सांगितले जातात, त्यांतील प्रत्येकास ‘हा न केलेल्यांचे काय झाले?’ हा एकच प्रश्न विचारण्याची सवय सुशिक्षित घरांनी लावून घेतली, तर पुष्कळ मंत्र, आणि पुष्कळ औषधेही, आपोआप गळून पडतील.