पट्टे पडलेला शाळू

* बेंबळीच्या शिवारात शाळू वांझ राहिला, त्याचा दोष लेखक दृष्टीला देतात. मात्र शिरांना धरून पडलेले पिवळे पट्टे, खुंटलेलं ताट, पोंग्यातच अडकलेलं कणीस ही लक्षणं त्यांनीच इतकी नेमकी टिपली आहेत, की संशय मका-पट्टा विषाणूच्या ज्वारीवरील प्रकारावर जातो. तो पसरवतो पेरेग्रायनस मेडिस हा पोंग्यात बसून रस शोषणारा इवलासा तुडतुडा. विषाणू त्याच्या अंगात वाढतो, अंड्यांतून पिलांतही उतरतो. बाधित किडा मरेपर्यंत रोग वाटत फिरतो.

जीवनसत्त्वांचं नुकसान इथूनच सुरू होतं. थायमिनचे दोन्ही घटक, रायबोफ्लेविन आणि कॅरोटिनॉइडं वनस्पती हरितलवकांत घडवते. पिवळा पट्टा म्हणजे नेमकी तीच बिघडलेली जागा. दाण्यातली ब गटातली जीवनसत्त्वं बरीचशी अंकुरात आणि सालीलगतच्या थरात असतात. त्यामुळे किलोमागचा आकडा फसवा ठरू शकतो: चिमलेल्या दाण्यात पिठूळ गर कमी, कोंडा जास्त. खरा तोटा एकरामागे मोजावा. कणीसच नाही तिथे जीवनसत्त्व कुठलं?

पुढच्या प्रकरणात येणारा पेलाग्रा, म्हणजे नायसिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, मात्र या विषाणूच्या माथी मारू नये. दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतल्या त्या आजाराचा संबंध हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास ज्वारीतल्या जादा ल्यूसीन या अमिनो आम्लाशी जोडला होता. हे स्पष्टीकरण पुढे वादग्रस्त ठरलं. – संपा.