मळ्या ते मुल्या

कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने १८३९ साली प्रसिद्ध केली. जातींना नावे देताना त्यांनी अनेकदा लोकांच्या तोंडचे नावच उचलले. ‘मळ्या’चे असे ‘मुल्या’ झाले. पुढे त्याची प्रजाती बदलून ‘गारा’ झाली. ‘मुल्या’ मात्र टिकले.

मळ्याचे पोट सपाट, तोंड खालच्या बाजूला व त्यामागे मांसल चकती असते. ती दगडाला चिकटवून तो वेगवान प्रवाहातही जागा धरतो व शेवाळ खरवडून खातो. जव्हार-मोखाड्याच्या उतारावरील ओढ्यांना साजेशीच ही रचना आहे.

तेथील वारली, कोकणा, कातकरी मुले ओढ्यातले मासे नावाने ओळखतात. शिक्षकांनी ती नावे शरीररचनेच्या वर्णनासह लिहून घ्यावीत. वर्णनाची जोड असली, तरच नाव पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडते.