भरतीऐवजी घरभेट

अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात मेंडोटा मनोरुग्णालयातल्या मंडळींना 1970च्या आसपास एक गोष्ट सारखी खटकत होती. वॉर्डात सावरलेला माणूस घरी गेला की काही महिन्यांत पुन्हा दाखल होई. स्वयंपाक, बाजारहाट, बसचा प्रवास वॉर्डात शिकवून काय उपयोग? लेनर्ड स्टाइन, मेरी ॲन टेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डातले कर्मचारीच बाहेर काढले. दाखल व्हायला आलेल्याला त्याच्या राहत्या जागी दिवसरात्र आधार द्यायचा, असं ठरलं. प्रयोग जमला. मात्र 14 महिन्यांनी रुग्ण नेहमीच्या व्यवस्थेकडे सोपवले, आणि कमावलेलं बरंचसं निसटलं. 1980 साली प्रसिद्ध झालेली ही नोंद मला त्यांच्या यशापेक्षा मोलाची वाटते.

जॉन होल्ट या मनोविकारतज्ज्ञानं तीच पद्धत सिडनीत 120 जणांवर पारखली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले 96 टक्के दाखल झाले. घरी उपचार मिळालेल्यांपैकी 60 टक्क्यांना वर्षभरात एकदाही दाखल व्हावं लागलं नाही. पुढे होल्ट इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅममध्ये घरी उपचार देणारी पथकं उभी राहिली.

या पथकात नर्स, सोशल वर्कर, डॉक्टर असतात. गरज पडली तर दिवसातून दोन-तीनदा घरी येतात. गोळ्या देतात, झोप लागली का विचारतात, थकलेल्या आईशी किंवा नवऱ्याशी वेगळं बसून बोलतात, भाडं थकलं असेल तर त्याचंही बघतात. कोणाला दाखल करण्याआधी या पथकानं पाहिलंच पाहिजे, असा दंडक असतो. नुसत्या घरभेटींनी खाटा रिकाम्या होत नाहीत. दाखल करायचं की नाही हे ठरवण्याचा हा अधिकारच निर्णायक आहे.

2000 साली ब्रिटिश सरकारनं इंग्लंडभर अशी 335 पथकं उभारायचं ठरवलं. पथकं झपाट्यानं वाढली. 2005मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या 260 जणांच्या अभ्यासातही भरती बरीच घटल्याचं दिसलं. तक्रार आली ती वेगळीच: रोज नवा चेहरा, रोज तीच कहाणी पहिल्यापासून सांगायची. आणि पथकानं निरोप घेतल्यावर पुन्हा पोकळी. मॅडिसनचंच दुखणं! त्यावर 2018मध्ये एक चांगला उपाय तपासला गेला. मानसिक आजारातून स्वतः गेलेली माणसं पथकाबाहेर पडणाऱ्यांसोबत बसली आणि पुढच्या वाटचालीची वही भरून घ्यायला त्यांनी मदत केली. वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांची वेळ आली ती अशी मदत मिळालेल्यांपैकी 29 टक्क्यांवर. इतरांत हे प्रमाण 38 टक्के होतं.

आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात घरच्या घरी पुनर्वसनाची तरतूद आहे. 2022पासून 14416 या क्रमांकावर टेलिमानस या हेल्पलाइनचा आधारही मिळतो. पण रात्री दोन वाजता मुलानं स्वतःला कोंडून घेतलं, तर फोनवरच्या आवाजानंतर दारात कोणीतरी यायला हवं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला एक गाडी आणि रात्रपाळीच्या दोन नर्स द्याव्यात. सुरुवात एवढ्यावरही होईल, फक्त त्या नर्स दर महिन्याला बदलू नयेत.